स्मार्टबोर्ड, सॉफ्टवेअर की मायक्रोस्कोपचा कॅमेरा? मटेरियल सायन्स शिकवताना पैसे कुठे घालावेत

प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला मटेरियल सायन्स शिकवायचं आहे. वर्गात ६० मुलं, प्रॅक्टिकलला २०-२०च्या तीन बॅच. मफल फर्नेस, एक मेटलर्जिकल मायक्रोस्कोप आणि कडकपणा मोजणारं रॉकवेल मशीन आहे. पीपीटीवर आयर्न-कार्बन डायग्राम (कोणत्या तापमानाला, किती कार्बनला पोलाद कोणत्या रूपात असतं त्याचा नकाशा) आला की वर्ग पेंगायला लागतो. यंदा विभागाला चाळीस हजार मिळालेत. त्यात स्मार्टबोर्ड घ्यावा, सिम्युलेशन सॉफ्टवेअरचं लायसन्स घ्यावं, की आणखी काही?

दोन्ही नको. आधी मायक्रोस्कोपला बसणारा कॅमेरा आणि एक स्टेज मायक्रोमीटर घ्या. मग के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंची तार) आणि आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डाचे चार संच. उरलेल्या पैशांत पॉलिशिंगचं सामान आणि टेस्ट सर्टिफिकेटसह आलेला बार. स्मार्टबोर्डवर काढलेला डायग्राम फळ्यावरच्या डायग्रामइतकाच मुका असतो. मुलं पेंगतात ती पडदा जुना आहे म्हणून नव्हे. त्या रेषा कुठून आल्या हेच त्यांना कधी दिसलेलं नसतं. पहिला खर्च त्या रेषा मुलांच्या हातून काढून घेण्यावर व्हावा.

रेषा हातून काढायच्या म्हणजे काय

आयर्न-कार्बनच्या आधी शिसं-कथील घ्या. ही प्रणाली कमी तापमानावर चालते आणि दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये संपते. २०च्या बॅचचे पाच-पाचचे चार गट करा. पहिल्या गटाला शुद्ध कथील, दुसऱ्याला ६३/३७ सोल्डर, तिसऱ्याला ५०/५०, चौथ्याला ४०/६० (कथील ४०, शिसं ६०). सोल्डरची भरीव कांडीच आणायची. रोझिन भरलेली तार आणली तर धुराने प्रयोगशाळा भरते आणि फ्लक्सच्या थराने रीडिंगही बिघडतं.

प्रत्येक गटाला दीडशे ग्रॅम धातू लहान क्रुसिबलमध्ये ३०० अंशांपर्यंत तापवू द्या. मग क्रुसिबल विटेवर ठेवून १५० अंशांपर्यंत दर सेकंदाला एक रीडिंग घ्या. थर्मोकपल मॅक्स-६६७५ मॉड्यूलला आणि मॉड्यूल आर्डुइनो ऊनोला जोडायचं. या मॉड्यूलची पायरी पाव अंशाची आहे आणि एका रीडिंगला त्याला साधारण ०.२२ सेकंद लागतात. म्हणून कोडमध्ये दोन रीडिंगांच्या मध्ये निदान २५० मिलिसेकंद ठेवा. त्याहून घाई केली तर तोच जुना आकडा परत परत येतो आणि मुलांना वाटतं, तापमान थांबलंय. सोयीचं म्हणून एक सेकंद.

इथे चुका ठरलेल्या असतात. तापवताना आकडा खाली उतरत असेल तर थर्मोकपलची टोकं उलटी लागलीत. वायर पुरली नाही म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडली, तर तो जोड जितका गरम होईल तितकी चूक आकड्यात शिरते. जोडायचीच तर के-टाइपचीच एक्स्टेंशन वायर हवी. मॉड्यूल क्रुसिबलच्या शेजारी ठेवलं तर ते स्वतःच गरम होतं आणि कोल्ड जंक्शनचं (तारेच्या थंड टोकाच्या तापमानाचं) गणित हलतं, म्हणून ते हातभर लांब असावं. थर्मोकपलचं टोक क्रुसिबलच्या बुडाला टेकलं तर तापमान धातूचं न येता भांड्याचं येतं. ते स्टँडला बांधून मधोमध सोडा, काढताना धातू पुन्हा वितळवा. गोठलेल्या धातूतून ओढून काढायला गेलात की थर्मोकपल संपला.

शुद्ध कथिलाची रेषा २३२ अंशांवर आडवी होते. त्याआधी ती काही अंश खाली जाऊन परत वर येते. ही अंडरकूलिंगची खोच मुलांना हमखास 'एरर' वाटते. तिथेच थांबा आणि विचारा, गोठताना तापमान वर कसं गेलं? साखर कारखान्याच्या परिसरातली मुलं असतील तर पॅनमधला दाणा त्यांना माहीत असतो. रस नुसता घट्ट झाला म्हणून साखर बसत नाही, आधी दाणा धरावा लागतो, आणि घाई केली तर नको तिथे बारीक दाणा सुटतो. न्यूक्लिएशन आणि ग्रोथ (दाणा धरणं आणि वाढणं) शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण या भागात नाही.

६३/३७ची रेषा १८३ला एकदाच आडवी होते. ५०/५०ला २१४च्या आसपास उतार मंदावतो आणि १८३ला रेषा आडवी होते. ४०/६०ला तेच, पण मंदावण्याची जागा २३८च्या आसपास. चारही गटांचे बिंदू फळ्यावर एकाच आलेखावर मांडायला लावा. कथिलाचा बिंदू, दोन उतारांचे बिंदू आणि १८३ची समान आडवी रेषा जोडली की लिक्विडस (गोठायला सुरुवात होते ती रेषा) आणि युटेक्टिक (उरलेला द्रव एकदम गोठतो ती रेषा) आपोआप उभे राहतात. आलेख मुलांनी स्वतः काढलेला असतो, त्यामुळे पुढच्या तासाला आयर्न-कार्बनमधली ७२७ची रेषा दाखवली की 'ही तिथल्या १८३सारखीच दिसतेय, पण इथे वर द्रव नाही' हे कुणीतरी बोलतंच. युटेक्टिक आणि युटेक्टॉइडमधला फरक तिथल्या तिथे होऊन जातो.

शिशाबाबत एवढंच: ३०० अंशांच्या वर नेऊ नका, खिडक्या उघड्या ठेवा, टेबल वेगळं ठेवा, डबा-पाण्याची बाटली आत नको, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कुणीही बाहेर जाणार नाही.

मायक्रोस्कोप: कॅमेरा का आधी

एका मायक्रोस्कोपवर २० मुलं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं. 'दिसलं का?' 'हो सर.' काय दिसलं ते कुणालाच माहीत नाही, जर्नलमध्ये मागच्या वर्षीची आकृती. कॅमेऱ्याने चित्र प्रोजेक्टरवर गेलं की वीस जण एकाच दाण्याकडे बोट दाखवून भांडू शकतात. आयपीसमध्ये बसणारा यूएसबी कॅमेरा पुरतो. फार मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. ऑटो-एक्स्पोजर बंद करता येतं का, एवढं मात्र विचारून घ्या. ते बंद होत नसेल तर फेराइट-पर्लाइटचं (पोलादातल्या पांढऱ्या आणि गडद दिसणाऱ्या भागांचं) मोजमाप प्रत्येक चित्रात वेगळं येतं.

स्टेज मायक्रोमीटर म्हणजे एक मिलिमीटरचे शंभर भाग आखलेली काच, एक भाग १० मायक्रॉन. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हवर तिचा एक फोटो काढून ठेवा. मग इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या फोटोवर रेघ मारून 'सेट स्केल' केलं की मायक्रॉनला किती पिक्सेल ते कायमचं ठरतं. हे न करता कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं '४००एक्स' जर्नलमध्ये लिहिलं जातं. मॉनिटर बदलला की ते मॅग्निफिकेशनही खोटं ठरतं.

पहिला नमुना ईएन-८ या पोलादाचा घ्या. कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के. २० मि.मी. व्यासाच्या बारचे १२ मि.मी. जाडीचे तुकडे कापा. हॅक-सॉने कापलेत तर उत्तम. ॲब्रेसिव्ह कटरने कोरडं कापलं की कड निळी पडते आणि तिथलं स्ट्रक्चर बदललेलं असतं. तीन तुकडे ८५० अंशांवर अर्धा तास ठेवा. एक फर्नेसमध्येच दार बंद ठेवून रात्रभर थंड होऊ द्या, एक हवेत, एक पाण्यात.

मग पॉलिशिंग. २२०, ४००, ६००, ८००, १२०० असे कागद, प्रत्येक कागदावर तुकडा ९० अंश फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. मुलं इथेच घाई करतात. ४००चा ओरखडा कापडावर कधीच जात नाही, अर्धा तास घासला तरी. नंतर डायमंड पेस्ट ३ आणि १ मायक्रॉन. कापडाच्या प्रत्येक चकतीवर आकडा लिहा आणि वेगवेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा. ३ मायक्रॉनचा एक कण १च्या कापडावर पडला की ती चकती गेली.

एचिंगला (रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग ॲसिडने किंचित खायला लावणं) २ टक्के नायटल: ९८ मिलि इथेनॉलमध्ये २ मिलि नायट्रिक ॲसिड. ॲसिड अल्कोहोलमध्ये घालायचं, उलट कधीच नाही, गॉगल आणि हातमोजे घालून. गरजेपुरतंच करा, बाटलीचं बूच घट्ट लावून महिनोन्‌महिने ठेवू नका. वापरलेलं नायटल ॲसिटोनच्या बाटलीत कुणी ओतणार नाही याची काळजी घ्या. नायट्रिक ॲसिड आणि ॲसिटोन एकत्र येणं हा स्फोटाचा धोका आहे, त्यामुळे दोन्ही बाटल्या एका टेबलावरच ठेवू नका. तुकडा पाच ते दहा सेकंद बुडवा. आरशासारखी चकाकी जाऊन पृष्ठभाग किंचित धुरकट झाला की लगेच पाणी, मग अल्कोहोल, मग हेअर ड्रायर. काळा पडला तर जास्त झालं, १ मायक्रॉनवर परत या.

आता मोजमाप. २००एक्सचे पाच वेगवेगळे फील्ड घ्या, इमेजजेमध्ये 'सबट्रॅक्ट बॅकग्राउंड' करा, थ्रेशोल्ड लावून काळ्या भागाची टक्केवारी काढा. लिव्हर रूलने (डायग्रामवरून प्रत्येक भागाचं प्रमाण काढायच्या नियमाने) ०.४ टक्के कार्बनला पर्लाइट साधारण ५१ टक्के यायला हवं. रात्रभर थंड केलेल्या तुकड्यात त्याच्या जवळपास येतं. हवेत थंड केलेल्यात लक्षणीय जास्त येतं. मुलं लगेच 'चुकलं' म्हणून थ्रेशोल्ड सरकवून ५१ करून आणतात. असं आलं तर मार्क कापू नका, तिथेच तास घ्या. लिव्हर रूल समतोल स्थितीचं गणित आहे. हवेत फेराइटला वाढायला पुरेसा वेळच मिळाला नाही, उरलेलं सगळं कमी कार्बनच्या पर्लाइटमध्ये गेलं. टीटीटी डायग्राम (वेळेनुसार रचना कशी बदलते ते दाखवणारा) का लागतो, याचं उत्तर त्या जास्तीच्या टक्क्यांत आहे.

आणखी एक सापळा. साध्या मफलमध्ये ८५०ला ठेवलेल्या पोलादाच्या कातडीतला कार्बन जळतो. कड पांढरी, फेराइटने भरलेली दिसते आणि पाण्यात टाकलेल्या तुकड्यावर रॉकवेल लावलं की आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो. कडकपणा मोजण्याआधी अर्धा मिलिमीटर घासून काढा. एक तुकडा मुद्दाम न घासता ठेवा आणि आडवा कापून दाखवा. डीकार्ब्युरायझेशन वेगळं शिकवायची गरज राहत नाही.

बिडाचे नमुने विकत घेऊ नका. कुपवाड, मिरज, पलूस या पट्ट्यात फाउंड्र्या आहेत. रनर-रायझरचे तुकडे आणि रिजेक्ट कास्टिंग विभागाच्या पत्रावर सहसा मिळतात. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली तीच बिडाच्या नांगरावर, तेव्हा या मुलांना ग्रे आयर्न परकं वाटायचं काही कारण नाही. ग्रे आणि एसजी (गोल ग्रॅफाइटचं बीड) दोन्ही मागा, ग्रेड लिहून घ्या, आणि ब्लोहोल किंवा श्रिंकेज असलेले तुकडे वेगळे मागून घ्या. ग्रॅफाइट एच न करताच १००एक्सला पाहायचं. लव असलेल्या कापडावर फार वेळ पॉलिश केलं की ग्रॅफाइट उपटून निघतं आणि खड्डा ग्रॅफाइटपेक्षा मोठा दिसतो. एसजीमध्ये नोड्यूल वेडेवाकडे दिसले तर फाउंड्रीवाल्यांना विचारायला लावा, मॅग्नेशियमच्या ट्रीटमेंटनंतर ओतायला किती वेळ लागला होता. मॅग्नेशियम उतरतं म्हणजे काय ते त्या एका फोनमध्ये कळतं.

जॉमिनी, आणि एप्रिलमधलं पाणी

हार्डनेस (पोलाद किती कडक) आणि हार्डनेबिलिटी (कडकपणा किती खोलवर जातो) ही गल्लत परीक्षेपर्यंत टिकते. ती सोडवायला ईएन-८ आणि ईएन-२४चे एकेक जॉमिनी बार (तापवून एका टोकावरच पाणी सोडून थंड करायचा बार) करा. दोन्हींत कार्बन जवळजवळ सारखा, पण ईएन-२४मध्ये निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम आहे. बार २५ मि.मी. व्यासाचा, १०० मि.मी. लांब, वर टांगायला कॉलर. दोन्ही आधी नॉर्मलाइझ केलेले (तापवून हवेत थंड केलेले) हवेत.

उपकरण वर्कशॉपमध्ये होतं: टाकी, लहान पंप, १२.५ मि.मी. तोंडाची नळी आणि बार टांगायची चौकट. बार नसताना पाण्याची उसळी ६५ मि.मी. यायला हवी, बारचं टोक नळीपासून १२.५ मि.मी.वर. नळीजवळ झडप ठेवून उसळी आधी जुळवा, मग पाणी पुठ्ठ्याने अडवून धरा. ८५० अंशांवर अर्धा तास ठेवलेला बार पाच सेकंदांत चौकटीत बसला पाहिजे. यासाठी थंड बारवर दहा वेळा सराव करून घ्या, नाहीतर त्या दिवशी चिमटा घसरतो. दहा मिनिटं पाणी सोडा.

पाण्याचं तापमान ३० अंशांच्या आत हवं. एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. म्हणून हे प्रॅक्टिकल सकाळच्या बॅचला ठेवा किंवा टाकीत बर्फ टाका, आणि आकडा जर्नलमध्ये लिहायला लावा.

मग समोरासमोर दोन बाजू ०.४ मि.मी. खोल, भरपूर कूलंट सोडून घासायच्या. जास्त दाब दिला की घासण्याच्या उष्णतेने पृष्ठभाग टेम्पर होतो, म्हणजे नरम पडतो. नायटल लावून पाहा, गडद पट्टे दिसले तर पुन्हा हळू घासा. थंड टोकापासून दर १.५ मि.मी.वर एचआरसी (रॉकवेलच्या सी-मापावरचा कडकपणा) घ्या. खालची बाजू व्ही-ब्लॉकवर नीट बसलेली हवी, बार डुगडुगला की आकडा कमी येतो. इंडेंटर बदलल्यावरचं पहिलं रीडिंग सोडून द्या.

पण बार फर्नेसमधून काढण्याआधी दोन्ही आलेख मुलांना अंदाजाने काढायला लावा. बहुतेक जण ईएन-२४ची रेषा पहिल्या बिंदूपासूनच खूप वर काढतात. प्रत्यक्षात थंड टोकाला दोन्ही जवळपास एकाच उंचीवर सुरू होतात, कारण मार्टेन्साइटचा (झटकन थंड केल्यावर बनणाऱ्या कडक रचनेचा) कडकपणा मुख्यतः कार्बन ठरवतो. पुढे ईएन-८ची रेषा काही मिलिमीटरांतच कोसळते, ईएन-२४ची सपाट चालत राहते. हा अंदाज न घेता थेट प्रयोग केला तर त्याचं मोल निम्मं होतं. चुकलेला अंदाज लक्षात राहतो.

वर्गातला प्रश्न

हीच रीत वर्गात. सगळ्यांकडे चांगला फोन आणि रेंज असेल असं धरू नका. प्लिकर्सची छापील कार्डं (फोनच्या कॅमेऱ्याने वाचली जाणारी उत्तराची कार्डं) मुलांच्या हातात द्या, फोन फक्त तुमच्याकडे लागतो. तासाला एकच प्रश्न पुरतो, पण तो गैरसमजावर नेम धरणारा हवा. उदाहरणार्थ: बीसीसी आणि एफसीसी या लोखंडातल्या अणूंच्या दोन मांडण्या. बीसीसीमध्ये अणूंची दाटी ०.६८, एफसीसीमध्ये ०.७४. मग कार्बन कशात जास्त मावेल? बहुतांश वर्ग बीसीसी म्हणतो. तिथे उत्तर सांगू नका, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या आणि पुन्हा कार्डं वर करायला सांगा. मग वेस्टा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रचना फिरवून पोकळ्या दाखवा. एफसीसीमध्ये मोकळी जागा एकूण कमी, पण एकेक पोकळी मोठी: अणूच्या त्रिज्येच्या ०.४१४. बीसीसीमध्ये जागा जास्त पण बारीक तुकड्यांत विखुरलेली. म्हणून ऑस्टेनाइटमध्ये (एफसीसी) कार्बन कमाल २.१४ टक्के आणि फेराइटमध्ये (बीसीसी) ०.०२२ टक्के.

सिम्युलेशनचं स्थान एवढंच. डोळ्याला दिसणार नाही ते दाखवायला आणि फर्नेस अडून बसली की वेळ भरून काढायला. व्हर्च्युअल लॅब्स, एनपीटेलचे व्हिडिओ, केंब्रिजचं डॉइटपॉम्स हे सगळं मोफत आहे. त्यातला पाच-सात मिनिटांचा तुकडा घ्या, पूर्ण व्याख्यान लावू नका. विकतचं लायसन्स पुढच्या वर्षी बंद पडलं की त्यावर बेतलेले तासही बंद पडतात.

स्ट्रेन हार्डनिंगसाठी (ओढून-ताणून धातू कडक होणं) मिरजेतून सतारीची पोलादी तार आणा, मुलामा नसलेली. ०.३० मि.मी.च्या तारेचा तुकडा बादली टांगून, पाणी ओतत तोडा. दुसरा तुकडा बर्नरवर लालबुंद करून हवेत थंड करा आणि तसाच तोडा. निम्म्याच्याही खाली तुटतो. तिसरा लाल करून पाण्यात बुडवला तर वाकवताना काडीसारखा मोडतो. गाठ मारून टांगू नका, तार गाठीतच तुटते. गुळगुळीत दांड्याला चार वेढे देऊन मग अडकवा. गॉगल सक्तीचा, बादलीखाली वाळू, पाय लांब.

भाषा आणि जर्नल

ऊसतोडीच्या कोयत्याला लोहार 'पाणी देतो' हे निम्म्या वर्गाने पाहिलेलं असतं. क्वेंचिंग शब्द त्यावर चढवा. टेम्परिंगला (कडक केलेलं पुन्हा थोडं तापवणं) घासलेल्या पातीवरचे रंग दाखवा: २२०-२३०ला पिवळसर, २८०च्या आसपास जांभळा, ३००ला निळा. समजावणं मराठीत, संज्ञा इंग्रजीत, आणि उत्तर इंग्रजीत लिहायचं असेल तर प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर पाच इंग्रजी वाक्यं वर्गातच लिहून घ्या. घरी सांगितलीत की एकाचीच वही साठ जणांकडे फिरते.

नक्कल थांबवायला उपदेश चालत नाही, नमुने बदलावे लागतात. प्रत्येक गटाला नंबर ठोकलेला अनोळखी तुकडा द्या: ईएन-८ ॲनील्ड (फर्नेसमध्येच थंड केलेलं), ईएन-८ नॉर्मलाइझ्ड, माइल्ड स्टील, ग्रे, एसजी. यादी फक्त तुमच्याकडे. ओळख, पुरावा म्हणून स्केल टाकलेला फोटो, पर्लाइट किंवा ग्रॅफाइटचं मोजमाप आणि तीन मिनिटांची तोंडी. बाजारातून उचललेला बार ईएन-८ म्हणून देऊ नका. सर्टिफिकेट नसेल तर त्यात कार्बन ०.२ निघू शकतो आणि मुलाचं बरोबर उत्तर तुम्हीच चूक ठरवाल. तुकड्यांवर नंबर ठोकायचा तो एचिंगच्या उलट बाजूला, हीट ट्रीटमेंटच्या आधी. पाण्यात टाकलेल्या तुकड्यावर नंतर पंच मारायला गेलात तर पंचच बोथट होतो.